कोंडा जनावरांस आणि मैदा माणसांस

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळसे शहरांत राहणारे, आणि त्यांतही दुकानदारी किंवा आडत करणारे असल्यामुळें धान्याच्या भावाची चर्चा त्यांस नवी नाहीं. गहूं कोणत्या बाजारांत काय दरानें उतरला, ज्वारीची आवक कां घटली, तांदळाच्या कोणत्या जातीस गिऱ्हाईक आहे, हें ते आमच्यापेक्षां अधिक जाणतात. परंतु तेंच धान्य दुकानांतून घरांत, घरांतून ताटांत आणि ताटांतून पोटांत गेल्यावर त्याचें पुढें काय होतें, याची चौकशी फारसें कोणी करीत नाहीं. आज आम्ही या दुसऱ्या हिशेबाकडे वाचकांचें लक्ष वेधूं इच्छितों. विषय पोटाचा आहे, आणि त्यांतही कोठा साफ होण्याचा. चार माणसांत तो काढूं नये असा आपल्याकडे संकेत आहे. पण ज्या तक्रारीवरील चूर्णें आणि गोळ्या प्रत्येक औषधाच्या दुकानांत दर्शनी फळीवर मांडलेल्या असतात, ती तक्रार विकत बरी करण्यास लाज वाटूं नये आणि तिचें कारण बोलण्यास मात्र वाटावी, हा न्याय आम्हांस समजत नाहीं.

प्रथम दाण्याची रचना पाहूं. गव्हाच्या दाण्याचे तीन भाग असतात. बाहेरचें आवरण तो कोंडा; एका टोकास असणारा, ज्यांतून नवें रोप फुटतें तो अंकुर; आणि आंतला पांढरा गर. शंभर भार गव्हांत सुमारें चौदा-पंधरा भार कोंडा, अडीच-तीन भार अंकुर, आणि बाकीचा ऐंशीहून अधिक भार गर असतो. वजनाच्या मानानें पहिले दोन भाग क्षुल्लक वाटतात. तथापि दाण्यांतील बहुतेक चोथा, पुष्कळसें लोह व जस्त, ब वर्गांतील जीवनसत्त्वांचा मोठा वांटा आणि तेलाचा अंश हे सर्व त्याच दोहोंत सांठविलेलें असतें. मैदा म्हणजे या दोहोंस वगळून उरलेला गर. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं आपल्या देशांतील अन्नपदार्थांचीं जीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं, त्यांत शंभर ग्रॅम गव्हाच्या सबंध पिठांत सुमारें ११ ग्रॅम चोथा दाखविला आहे, आणि तितक्याच मैद्यांत ३ ग्रॅमहून कमी. ज्वारींत तो सुमारें १० ग्रॅम, बाजरींत व नाचणींत ११ ग्रॅमच्या आसपास. पांढऱ्या तांदळांत ३ ग्रॅमहून कमी, आणि न सडलेल्या तांदळांत साडेचार ग्रॅमच्या जवळपास. हा शेवटचा आंकडा ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. जो तपकिरी तांदूळ सुबक पिशव्यांत घालून दुप्पट भावानें शहरांत विकला जातो, त्यांतील चोथा आपल्या सोलापूरच्या ज्वारीच्या निम्म्याइतकाही भरत नाहीं. तो वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्याच्या घरीं भाकरी होते, त्यास तो आणण्यासाठीं दूर जाण्याचें कारण नाहीं.

मग माणसानें हा उत्तम भाग काढून टाकण्याचा उद्योग कां आरंभिला? हौस जुनी आहे. चाळून चाळून पांढरें केलेलें पीठ श्रीमंतांच्या घरीं सर्वच देशांत पूर्वींपासून होतें. परंतु तें सर्वांच्या आवाक्यांत आलें एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत, जेव्हां हंगेरींतील बुडापेस्ट येथें व त्यानंतर अमेरिकेंतील मिनियापोलिस येथें दगडी तळ्यांच्या जागीं लोखंडी रूळ बसवून गहूं फोडण्याची पद्धत रूढ झाली. दगड दाणा सबंध भरडतो. रूळ त्याचीं आवरणें खरवडून वेगळीं करतात. येथें व्यापाराचा एक मुद्दा आहे, आणि तो आम्ही लपवीत नाहीं. अंकुरांत तेल असतें, आणि तेल खवट होतें. बाजरीचें पीठ चार दिवसांत कडू कां लागतें, हें कोणत्याही गृहिणीस विचारावें. जें पीठ महिनोन्महिने वखारींत राहूं शकतें, जहाजानें समुद्रापार जाऊं शकतें, तेंच दूरच्या व्यापारास सोयीचें. आणि तें पीठ म्हणजे मैदा. तेव्हां मैदा पोटास मानवतो म्हणून कोणी तो चालू केला नाहीं, तो गोदामास मानवला म्हणून चालू झाला. त्यांत व्यापाऱ्यानें कांहीं पाप केलें असेंही नाहीं. त्या काळीं जीवनसत्त्व हा शब्दच कोणास ठाऊक नव्हता.

तो शब्द ज्या संशोधनांतून निघाला, त्याची हकीकत तांदूळ खाणाऱ्या प्रत्येकानें जाणून घ्यावी अशी आहे. जावा बेटांत बटेव्हिया येथें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस क्रिस्तियान आयकमन हे डच वैद्य बेरीबेरी या रोगाचा शोध करीत होते. या रोगांत पाय लुळे पडतात, सूज येते, आणि शेवटीं हृदय थकतें. आयकमन यांनीं प्रयोगासाठीं पाळलेल्या कोंबड्यांस एकाएकीं तसाच पांगुळपणा आला आणि कांहीं काळानें आपोआप गेलाही. चौकशी करतां असें आढळलें कीं, मधल्या काळांत त्यांस लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरांतील शिजलेला पांढरा भात घातला जात होता. पुढें नवा आचारी आला, आणि लष्कराचा तांदूळ बिनलष्करी कोंबड्यांस कां द्यावा म्हणून त्यानें तो बंद केला! कोंबड्या पुन्हा असडीक तांदळावर आल्या आणि बऱ्या झाल्या. त्यानंतर फॉर्डरमान या अधिकाऱ्यानें जावा येथील १०१ तुरुंगांची पाहणी केली. जेथें असडीक तांदूळ दिला जात होता तेथें दहा हजार कैद्यांत एकास, आणि जेथें पांढरा तांदूळ दिला जात होता तेथें एकोणचाळिसांत एकास बेरीबेरी झाल्याचें त्यास आढळून आलें. १९१२ सालीं काझिमिर फुंक यांनीं अशा द्रव्यांस व्हिटॅमिन हें नांव दिलें. १९२६ सालीं जावा येथेंच तांदळाच्या कोंड्यांतून ब-१ हें जीवनसत्त्व शुद्ध स्वरूपांत काढण्यांत आलें. आणि १९२९ सालीं आयकमन यांस नोबेल पारितोषिकाचा अर्धा वांटा मिळाला.

आपल्या देशांतही हा रोग परका नव्हता. आंध्रच्या समुद्रकिनाऱ्यावरील जिल्ह्यांत, जेथें गिरणींत सडलेला कच्चा तांदूळ खाण्याची चाल पडली होती, तेथें तो होता. आणि जेथें उकडा तांदूळ खात, तेथें तो फारसा दिसत नसे. याचें कारण सुंदर आहे. साळ आधीं भिजवून वाफविली म्हणजे कोंड्यांतील ब-१ जीवनसत्त्व पाण्याबरोबर आंत गरांत शिरतें, आणि मग गिरणीनें कोंडा काढला तरी तें पुष्कळ अंशीं शिल्लक राहतें. कोंकणांत आणि गोमंतकांत सकाळच्या पेजेस आणि दुपारच्या भातास जो लालसर जाड उकडा तांदूळ वापरतात, त्यास घाटावरचे लोक नाकें मुरडतात. ज्यांनीं ही रीत प्रथम पाडली त्यांस जीवनसत्त्वाची वार्ता नसेल, परंतु त्या पेजेनें पिढ्यान् पिढ्या त्यांचे पाय शाबूत ठेवले.

बेरीबेरीचें संकट आतां मागें पडलें. सांप्रतचा प्रश्न चोथ्याचा आहे, आणि तो आंतड्यांशीं निगडित आहे. चोथा पचत नाहीं. तेवढ्यावरून तो निरुपयोगी असें कित्येक वर्षें समजलें जात असे. वास्तविक पाहतां त्याचें न पचणें हेंच त्याचें कार्य आहे. लहान आंतड्यांत पिष्टाची साखर होते आणि ती रक्तांत जाते. चोथा मात्र जसाच्या तसा मोठ्या आंतड्यांत उतरतो. तेथें त्याचीं दोन कामें होतात. गव्हाच्या कोंड्यासारखा जाड चोथा पाणी धरून ठेवतो, मळास भार व मऊपणा देतो आणि तो पुढें लवकर सरकवितो. मलावरोध व त्यामागून येणारी मूळव्याध यांस त्यामुळें आळा बसतो. यांत एक बारकावा आहे. हें काम भरड कोंडा चांगलें करतो. तोच वस्त्रगाळ केला तर त्याचा गुण कमी होतो. म्हणून आपल्याकडील कणीक थोडी रवाळ असली तर ती दोष मानूं नये.

दुसरें काम याहून विलक्षण आहे. मोठ्या आंतड्यांत कोट्यवधि सूक्ष्मजंतूंची वसाहत असते, आणि यांतील बहुतेक आपले शत्रु नसून कामकरी आहेत. जव, ओट, कडधान्यें, तसेंच ज्वारी, बाजरी, गहूं यांतील कांहीं चोथा हे जंतु आंबवितात, आणि त्यांतून असेटिक, प्रोपिओनिक व ब्यूटिरिक हीं आम्लें तयार करतात. पैकीं ब्यूटिरिक आम्ल हें मोठ्या आंतड्याच्या अस्तरांतील पेशींचें मुख्य इंधन होय. शरीराचा हा भाग आपलें अन्न बव्हंशीं रक्तावाटे घेत नाहीं, आपल्या पाहुण्यांच्या हातून घेतो. पाहुण्यांस चोथा मिळाला नाहीं तर काय होतें? उंदरांवरील प्रयोगांत असें दिसून आलें आहे कीं, उपाशी जंतूंपैकीं कांहीं आंतड्यावरील बुळबुळीत संरक्षक थरच खाऊं लागतात, आणि तो थर पातळ झाला म्हणजे रोगजंतूंस वाट मोकळी होते. उंदीर म्हणजे माणूस नव्हे हें खरें. तथापि ज्यानें घरांत चाकर ठेवले आणि त्यांस शिधा दिला नाहीं, त्याच्या कोठाराचें काय होईल हें सांगण्यास प्रयोगशाळा लागत नाहीं. जातां जातां सांगण्यासारखी गोष्ट ही कीं, शिजलेलें पिष्ट निवल्यावर त्याचा कांहीं भाग पचनास कठीण होतो आणि चोथ्याप्रमाणेंच खालीं जाऊन जंतूंच्या उपयोगीं पडतो. न्याहारीच्या शिळ्या भाकरीस हिणविणाऱ्यांनीं हें जाणून असावें.

चोथ्याच्या या महत्त्वाकडे जगाचें लक्ष वेधणाऱ्यांत डेनिस बर्किट या आयरिश शस्त्रवैद्याचें नांव प्रमुख आहे. युगांडांत अनेक वर्षें काम करतांना त्यांस असें दिसलें कीं, विलायतेंत शस्त्रवैद्यास रोज भेटणारे आंतड्याचे कित्येक विकार तेथील खेड्यांत क्वचितच आढळतात. १९७२ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दोहों ठिकाणच्या लोकांचा मळ तोलून आणि अन्न शरीरांतून बाहेर पडण्यास लागणारा वेळ मोजून आपले निष्कर्ष मांडले. त्यांच्या सर्वच अनुमानांस पुढें पुष्टि मिळाली असें नाहीं. परंतु मुख्य सूत्र टिकलें. २०१९ सालीं लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकांत १८५ दीर्घकालीन पाहण्या आणि ५८ प्रयोग एकत्र तपासून जो लेख प्रसिद्ध झाला, त्यांत रोज २५ ते २९ ग्रॅम चोथा खाणाऱ्यांत हृदयविकार, मधुमेह, मोठ्या आंतड्याचा कर्करोग आणि एकंदर मृत्यु यांचें प्रमाण अल्प चोथा खाणाऱ्यांपेक्षां १५ ते ३० टक्क्यांनीं कमी आढळलें. जागतिक आरोग्य संघटनेनेंही २०२३ सालीं मोठ्या माणसानें दिवसास निदान २५ ग्रॅम चोथा खावा असा सल्ला दिला. चहाबरोबर खारी, दुपारीं पांढरा भात, सायंकाळीं पाव आणि रात्रीं मैद्याची रोटी, हा ज्याचा आहार आहे त्यानें वर दिलेल्या आंकड्यांवरून आपला हिशेब स्वतःच करून पाहावा. व्यापाऱ्यांस बेरीज शिकविण्याचें धाडस आम्ही करीत नाहीं.

कोणी म्हणेल, तर मग कोंडाच खावा, मूठमूठ खावा! असा अतिरेक आम्हांस मान्य नाहीं. कोंड्यांत फायटेट नांवाचें द्रव्य असतें. तें चुना, लोह व जस्त यांस बांधून ठेवतें आणि शरीरांत जाऊं देत नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत आयर्लंडांत गव्हाची तूट पडली म्हणून सबंध गव्हाचा पाव सर्वांस खावा लागला, आणि डब्लिन शहरांतील मुलांत मुडदूस वाढला. पिठांतील कोंड्याचें प्रमाण उतरल्यावर तो ओसरला. उलटपक्षीं, युद्धानंतर जर्मनींतील अनाथालयांतल्या मुलांस निरनिराळ्या पिठांचे पाव देऊन मॅकॅन्स व विडोसन या संशोधकांनीं जो प्रयोग केला, त्यांत पांढरा पाव खाणारीं व सबंध पिठाचा खाणारीं मुलें सारखींच चांगलीं वाढलीं. यावरून घ्यावयाचें तें इतकेंच कीं, ज्याच्या ताटांत दूध, भाजी, ऊन व इतर पोषण यांचा तुटवडा आहे, त्यास केवळ कोंड्यानें तारण मिळणार नाहीं. पीठ आंबविणें, धान्य भिजविणें, त्यास मोड आणणें यांनीं फायटेटचें बंधन ढिलें होतें. नाचणीची आंबील आणि मोड आलेल्या नाचणीचें सत्त्व हे प्रकार आपल्या आजीबाईंनीं उगाच प्रचारांत आणले नाहींत. शिवाय ज्यांस गव्हांतील ग्लूटेन सोसत नाहीं, ज्यांच्या आंतड्यांस सूज किंवा अरुंदपणा आहे, किंवा ज्यांचें पोट कांहीं धान्यांनीं फुगतें, त्यांनीं वर्तमानपत्र वाचून आहार बदलूं नये, वैद्यास विचारावें. निरोगी माणसानेंही मैद्यावरून एकदम सबंध धान्यावर उडी घेतली तर पहिले कांहीं दिवस वायु धरतो. जंतूंस नव्या अन्नाची संवय व्हावी लागते. प्रमाण हळूहळू वाढवावें, आणि पाणी भरपूर प्यावें.

आतां आपल्या व्यवहारांतील एक विसंगति पाहावी. गिरणी गव्हाचा कोंडा काढते; तो भुसा म्हणून गोठ्यांत जातो आणि म्हैस तो आनंदानें खाऊन धष्टपुष्ट होते. तिचा धनी मैदा खातो आणि त्याचा कोठा बिघडतो. मग तो औषधाच्या दुकानांत जाऊन इसबगोल आणतो. इसबगोल म्हणजे काय? एका बीजाचें टरफल. म्हणजे पुन्हा चोथाच, परंतु डब्यांत भरलेला आणि तोळ्यामाशाच्या भावानें विकलेला. त्याचा व्यापार गुजराथेंत मोठा आहे आणि तो वाढावा, आमची त्यास हरकत नाहीं. पण एकदां पैसे देऊन काढून टाकलेली वस्तु दुसऱ्यांदा पैसे देऊन घरांत आणणारा गिऱ्हाईक कोणत्या पेठेंत शहाणा गणला जाईल? सरकारी व्यवहारही याहून फार निराळा नाहीं. शिधावाटप, शाळांतील भोजन व अंगणवाड्या यांतून दिल्या जाणाऱ्या तांदळांत लोह, फोलिक आम्ल व ब-१२ घालण्याची योजना मार्च २०२४ पर्यंत देशभर पोंचविण्यांत आली. रक्तक्षयावर उपाय म्हणून तिचा हेतु स्तुत्य आहे. तथापि तांदूळ आधीं चकचकीत सडावा आणि मग त्यांत तीन द्रव्यें मिसळावीं, यानें गेलेला चोथा परत येत नाहीं. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें गहूं व तांदूळ यांच्या जोडीस भरड धान्याचीही सोय केली होती; प्रत्यक्ष वाटपांत मात्र पहिल्या दोहोंचेंच राज्य राहिलें. २०१८ सालीं सरकारनें ज्वारी-बाजरीचें नांव बदलून पौष्टिक तृणधान्यें केलें, २०२३ हें सालही त्यांच्या नांवें साजरें झालें. नांव बदलणें स्वस्त असतें.

परंतु सर्व दोष सरकारच्या माथीं मारणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. मुळाशीं आपल्या प्रतिष्ठेच्या कल्पना आहेत. पांढरें तें उच्च, काळेंसांवळें तें हलकें, ही जी खोड आपल्या समाजास माणसांच्या बाबतींत जडली आहे, तिनें धान्यांसही सोडलेलें नाहीं. भाकरी ही कष्टकऱ्याची, पोळी ही बऱ्या घरची, आणि पांढराशुभ्र सुवासिक भात हा लग्नाच्या पंक्तीचा. खेड्यांतला मुलगा शहरांत शिकावयास आला म्हणजे डब्यांतली भाकरी झांकून खातो. त्या मुलाची लाज दूर होईल अशी वागणूक सुशिक्षितांनीं ठेवली, आपल्या घरच्या कार्यांत पाहुण्यांच्या पानांत मुद्दाम नाचणीची किंवा ज्वारीची भाकरी वाढली, तर शंभर व्याख्यानांपेक्षां अधिक काम होईल.

येथें एका गैरसमजाचें निवारण केलें पाहिजे. १९३४ सालीं वर्ध्यास अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, तेव्हां हातसडीचा तांदूळ व हातदळणीचें पीठ यांचा पुरस्कार गांधीजींनीं हिरीरीनें केला. अन्नाच्या दृष्टीनें त्यांचें म्हणणें बरोबर होतें. परंतु जात्याच्या गोडव्यांत दळणारणीचे हात दिसेनासे होतात. पहाटे उठून घरच्या दहा तोंडांचें दळण दळणें हें केवळ ओव्यांचें काव्य नव्हतें. तें वेठ होतें, आणि तें नेहमीं बायकांच्याच वांट्यास येत असे. पिठाच्या गिरणीनें त्यांस त्यांतून सोडविलें, हा या देशांतील न गाजलेला पण खरा सुधार होय. सुदैवानें पोटाच्या हितासाठीं जातें परत आणण्याचें कारणच नाहीं. गल्लींतील विजेच्या चक्कींत निवडलेले गहूं नेले तर कोंडा, अंकुर व गर सर्व एकत्रच परत येतें. तें घरीं आणून बारीक चाळणीनें कोंडा काढून टाकला नाहीं म्हणजे झालें. चाळण जाड वापरावी. खडा व काडी तेवढी निघावी. ज्या घरांत पुरुषांस पोळी पांढरी लागते म्हणून स्त्रियांस चाळण्याचे दुहेरी श्रम पडतात, तेथें पुरुषांनीं हा हट्ट सोडला तर दोघांचाही लाभ आहे.

आतां दोन शब्द व्यापारी वाचकांस. ताजें पीठ लवकर खवट होतें ही अडचण खरी. परंतु तीच जवळच्या दुकानदाराची संधि आहे. महिनोन्महिने टिकणाऱ्या पिशवीशीं भावांत स्पर्धा करणें त्यास जमणार नाहीं. आठवड्यास लागेल तेवढें ज्वारी-बाजरीचें पीठ दळून, दळल्याची तारीख लिहून देणें त्यास जमेल, आणि तें दूरच्या कारखान्यास जमणार नाहीं. बेकरीवाल्यांस आमची विनंति अधिक स्पष्ट आहे. तपकिरी पाव म्हणून जो विकला जातो, त्याचा रंग कित्येक वेळां जळक्या साखरेचा असतो आणि आंत बहुतांश मैदाच असतो. वेष्टनावर घटकपदार्थ वजनाच्या उतरत्या क्रमानें लिहिले पाहिजेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा नियम आहे. गिऱ्हाइकानें पुढचें चित्र न पाहतां मागचीं बारीक अक्षरें वाचावीं. पहिलें नांव मैद्याचें असेल तर चढा भाव देऊं नये. आणि ज्यांच्या हातांत वसतिगृहें, खानावळी व कारखान्यांतील उपाहारगृहें आहेत, त्यांनीं पुढील वर्षाच्या धान्याचा करार करतांना दोन जेवणांपैकीं एकांत भाकरी किंवा सबंध कणकेची पोळी राहील इतकी ज्वारी, बाजरी व गहूं मागणींत घालावे. मागणी आधीं कळली तर आडत्यास माल आणण्यास अडचण पडत नाहीं, आणि सोलापूर, अहिल्यानगर व बीड या जिल्ह्यांतील ज्वारी पिकविणाऱ्यासही पेरणीपूर्वीं हिशेब करतां येतो.